तांबड्या घोड्यामागून

पहाटेचे चार वाजलेत. साल १९०५, महिना ऑक्टोबर, मुक्काम इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतचा सफोक परगणा. कुणीतरी तुमच्या हातात कंदील दिलाय आणि तुम्ही खांद्यानं पागेचं दार ढकलताय. आधी ऊब लागते, मग वास येतो: लीद, तेल पाजलेलं चामडं, नुकतीच कापलेली कुट्टी. कंदील जरा वर धरा. ओळीनं सहा घोडे उभे आहेत आणि सहाच्या सहा तांबडे. कुणी विटकरी, कुणी सोनेरीकडे झुकणारा, एखादा काळपट. पण तांबड्याच्या बाहेर एकही नाही. पांढरं दिसलंच तर कपाळावर चांदणीएवढं.

"पोऱ्या, दार लाव. वारं आत येतंय."

हा इथला पहिला घोडेवाला. तुमचं वय, शिक्षण, हुद्दा काही असो, पागेत नवा आलेला माणूस पोऱ्याच. तेव्हा अरे-तुरे मुकाट्यानं ऐकून घ्या. त्याच्या खाली दुसरा घोडेवाला, त्याच्या खाली तिसरा. सकाळी पागेतून आधी पहिल्याची जोडी बाहेर पडणार, मग दुसऱ्याची. वाटेत कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. ही उतरंड मोडायची मालकाचीसुद्धा टाप नाही.

तो गव्हाणीत कुट्टी टाकतो, वर भरडलेल्या ओटची चंदी, तीही ओंजळभर. घोड्यानं ती संपवली की आणखी ओंजळभर. भसाभस ओतून मोकळं व्हायचं नाही. घोड्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानानं लहान असतं. एकदम भरलं तर निम्मी चंदी वाया जाते आणि वर पोटशूळाची धास्ती. म्हणून साडेसहाला शेतावर निघायचं तर चारला उठायचं. वर्षभर, थंडीपावसात, रविवार धरून. रविवारी काम नसतं, पण पोट असतंच.

मधेच तो इकडेतिकडे बघून कोटाच्या खिशातून मूठभर ओट काढतो आणि एका गव्हाणीत सोडतो. तुम्ही पाहिलंत हे त्यानं पाहिलंय. मालक प्रत्येक घोड्यामागे चंदी मोजून देतो आणि घोडेवाल्याला ती कधीच पुरेशी वाटत नाही. मग मालकाच्या कोठीतून मालकाचेच ओट चोरायचे आणि मालकाच्याच घोड्यांना घालायचे. सापडला तर नोकरी जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. चोरीचा इतका निःस्वार्थी प्रकार माझ्या तरी पाहण्यात नाही. दुसऱ्या खिशात एक पुडी आहे. ती मात्र पदरच्या पैशानं आणलेली. तिचा वास तुम्ही डोळे मिटून ओळखाल. मेथी! अंगावर तकाकी यावी म्हणून चंदीत मिसळायची. आणखी काय काय मिसळतो ते विचारू नका, तो सांगणार नाही.

आता साज चढवायचा. गळ्यातलं जाड गादीचं कडं उलटं धरा, म्हणजे त्याची रुंद बाजू घोड्याच्या डोळ्यांवरून जाते. मानेवर आलं की फिरवून सुलटं करा. तुम्ही पहिल्याच फटक्यात सुलटं घालायला जाता आणि ते गालफडाशी अडकतं. घोडा, याचं नाव बॉक्सर, मान खाली घालून थांबतो. खांद्यापाशी साडेपाच फूट उंच आणि वजनाला टनाच्या घरात असलेलं जनावर तुमचा अडाणीपणा संपायची वाट बघत उभं राहतं. सफोक पंच जातीचा पहिला गुण शेतकऱ्याला विचारलात तर तो ताकद सांगणार नाही, हे सांगेल.

साडेसहाला रांगेनं बाहेर. शेतात पाऊल टाकलंत की बूट गेलाच. मराठवाड्यातल्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर चाललेल्या माणसाला ही माती समजावून सांगायला नको: चार पावलांत पाय दुप्पट जड, आणि झटकली तरी सुटत नाही. सफोकच्या मधल्या पट्ट्यातली ही चिकणमाती. आता इथं उभं राहून घोड्याच्या पायांकडे बघा. गुडघ्याखाली नळ्या साफ, केसांची झालर नाही. ब्रिटनचे दुसरे दोन अवजड घोडे, शायर आणि क्लाइड्सडेल, दिसायला राजबिंडे खरे. टापांवर रेशमी केसांचे झुबके, चालले की नुसती शोभा. पण ती शोभा या चिखलात आणून बघा. तासाभरात त्या केसांत मातीचे गोळे लटकतात, रात्री ते धुवायचे आणि सुकवायचे, नाही सुकले तर खालची कातडी चिघळते. सफोकच्या शेतकऱ्यानं दीडशे वर्षं जोड लावताना झालरवाले पाय बाजूला ठेवले. या मातीला जे नको होतं, ते घोड्याच्या अंगावर राहिलं नाही.

नांगर इप्सविचच्या रॅन्सम कारखान्याचा आहे, बिडाच्या फाळाचा. १८०३ मध्ये रॉबर्ट रॅन्समनं ओतीव फाळाची खालची बाजू ओततानाच झटकन थंड करून कडक करायची युक्ती काढली. वरची बाजू मऊ असल्यानं आधी झिजते, खालची टिकते आणि फाळाला आपोआप धार राहते. नांगराच्या मुठी दोन. जोडीतला एक घोडा आधीच्या तासात, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चरात, चालतो, दुसरा न नांगरलेल्या रानावर. तासातल्या घोड्यानं रेषा धरली की तुम्ही धरलीच. पहिलं तास मात्र पहिला घोडेवाला स्वतः घालतो. पलीकडच्या टोकाला काठ्या रोवलेल्या आहेत. त्यांच्यावर नजर ठेवून तो निघतो, आणि पूर्ण तास होईपर्यंत मागे वळून बघत नाही.

तुमची पाळी आली की कळतं, जोर कुठून येतोय. सफोकचे खांदे इतर जड घोड्यांपेक्षा खाली बसवलेले, पाय आखूड, छाती जमिनीला जवळ. त्यामुळे ओढ वर न जाता आडवी जाते. अंगभर मांस असलं तरी पाय अंगाखाली जवळ-जवळ असतात. म्हणून हाच घोडा पुढे बीटच्या दोन ओळींमधून कोळपं ओढत जाईल तेव्हा रोपं तुडवणार नाही. नऊ इंची तासानं एक एकर नांगरायचं तर अकरा मैल चाल होते. चाळीस गुंठ्यांसाठी सतरा-अठरा किलोमीटर, चिखलातून, नांगराच्या मुठी दाबत. हे अंतर घोड्याइतकंच माणूसही चालतो. घोड्याचं कौतुक करताना ते विसरायला होतं.

दहा-अकराच्या सुमाराला थोडी विश्रांती: पाव, चीज, थंड चहा. मग पुन्हा नांगर. दुपारी जेवणाला घरी जायचं नाही. इतर परगण्यांत घोडे दुपारी पागेत आणून, खाऊ घालून पुन्हा बाहेर काढतात. सफोकमध्ये एकच पाळी, साडेसहा ते अडीच, सलग. आणि इथंच या घोड्याचं पोट कामी येतं. बॉक्सरच्या बरगड्यांचा घेर बघा. जठर लहान असलं तरी आतड्यांना या पिंपात ऐसपैस जागा आहे. पहाटे दोन तास खाल्लेलं आठ तास पुरतं. आधी काय आलं, अशी पोटं की अशी पाळी? मला वाटतं, दोघांनी एकमेकांना घडवलं. अर्धपोटी अडून बसणारा घोडा या परगण्यात वंश वाढवायला ठेवलाच नसता.

अडीचला जोड्या सुटतात, पण तुमची सुटका नाही. खरारा करा, पाय पुसा, पेंढा पसरा, पुन्हा चंदी. आणि येत्या रविवारी चर्च सुटल्यावर गावातले इतर घोडेवाले तुमच्या मालकाच्या बांधावर हात मागे बांधून फिरायला येतील. बोलणार काही नाहीत. एखाद्या तासात किंचित बाक असेल तिथं जरा जास्त वेळ थांबतील, एवढंच. ती शिक्षा पुरते.

जायच्या आधी एक खेळ बघून घ्या. पहिला घोडेवाला दाराच्या चौकटीवरून बोट फिरवतो आणि बॉक्सरला बाहेर काढायला तुम्हाला सांगतो. बॉक्सर उंबऱ्याशी येतो आणि खिळतो. ओढा, ढकला, गोंजारा, व्यर्थ. मग म्हातारा येतो, फडक्यानं चौकट पुसतो, कानाशी काहीतरी पुटपुटतो, आणि घोडा शेळीसारखा त्याच्या मागून चालू लागतो. गावात याला जादू म्हणतात. बेडकाचं हाड खिशात असलं की घोडा वश होतो म्हणे: बेडूक मुंग्यांच्या वारुळात ठेवायचा, उरलेली हाडं मध्यरात्री वाहत्या ओढ्यात सोडायची, जे हाड प्रवाहाविरुद्ध जाईल ते उचलायचं. पुटपुटणं सोडा, नाकाकडे लक्ष द्या. घोड्याचं नाक माणसाच्या कितीतरी पट तिखट. वाळवलेल्या काळजाची पूड चौकटीला लावली की तो वास ओलांडून तो जात नाही. पुसून टाकली, वर सुगंधी तेलाचा हात फिरवला की जातो. हाड हे निमित्त, त्याला चोळलेली तेलं खरी. पण मालकाला हे कळलं असतं तर घोडेवाल्याची किंमत उतरली असती. म्हणून जादू.

आता या जातीच्या मुळाशी चला, मागे, १७७३ च्या वसंतात. रस्ता कच्चा. वुडब्रिजजवळच्या अफर्ड गावच्या थॉमस क्रिस्पचा पाच वर्षांचा वळू घोडा घोड्यांच्या पैदाशीसाठी फिरतीवर निघालाय. वळू घोडा गावोगाव चालवत न्यायचा, शेतकऱ्यांनी घोड्या दाखवायच्या, असा हा हंगामी धंदा. क्रिस्पनं जाहिरात दिली आहे, आणि तीत घोड्याची पिल्लं बग्गीला आणि रस्त्याच्या कामाला चांगली निघतात असा दावा आहे. नांगराची फुशारकी नाही. घोडा चमकदार तांबडा, उंची जेमतेम सव्वापाच फूट. तुम्ही बाजूनं चालत त्याला न्याहाळता आणि फार काही वाटत नाही. त्याला नावसुद्धा नाही. पुढे वंशावळीत तो 'क्रिस्पचा अफर्डचा घोडा' म्हणूनच लागेल.

आज जगात जेवढे सफोक पंच आहेत, त्या प्रत्येकाची बापाकडून रेघ मागे नेली की ती या बिननावाच्या घोड्याशी येऊन थांबते. परगण्यात तेव्हा दुसऱ्या नामांकित वळूंच्याही वंशावळी होत्या. त्या एकेक करून विझल्या. पूर्वेला उत्तर समुद्र, पश्चिमेला फेन्सची दलदल, त्यामुळे बाहेरचं रक्त सहजी येत नव्हतं. रंगाचं कोडंही इथंच सुटतं. घोड्यांत तांबडा रंग मागे राहणारा असतो. काळ्या किंवा कुमैत रंगाची जनुकं असली की तो दडतो. पण आई-बाप दोघेही तांबडे असले की शिंगरू तांबडंच, दुसरा रंग येणार कुठून? एकदा सगळी जात तांबडी झाली की ती तशीच राहते. १८८० मध्ये हर्मन बिडेल या शेतकऱ्यानं जातीची वंशावळ छापली तेव्हा तांबड्याच्या सात छटा मानल्या गेल्या: काळसर, काळजाच्या रंगापासून लिंबाच्या पिवळेपणाकडे झुकणाऱ्या छटेपर्यंत. सात छटा ओळखणारे डोळे त्या पिढीत होते.

क्रिस्पच्या काळातली एक परीक्षा न बघता पुढे गेलात तर चूक होईल. जत्रेत घोडा विकायला काढलाय. त्याला आडव्या पडलेल्या झाडाला जुंपतात. झाड मुळासकट जड, हलण्यातलं नाही, हे विकणारा जाणतो आणि घेणाराही. घोड्याला हाक जाते. तो जोर लावतो, झाड जागचं हलत नाही, तो आणखी झुकतो, मागचे पाय रोवतो आणि पुढचे गुडघे जमिनीला टेकवतो. झालं, पास! ओंडका हलला पाहिजे अशी अटच नव्हती. न हलणाऱ्या वजनापुढे गुडघ्यावर येईपर्यंत तो प्रयत्न सोडत नाही, एवढंच बघायचं होतं. जनावराचा हा गुण कौतुकाचा आहे यात शंका नाही. पण गिऱ्हाइकाला नेमका हाच गुण विकत हवा असतो, यानं मला जरा अस्वस्थ व्हायला होतं.

दोषही सांगितला पाहिजे. या घोड्याचे खूर बदनाम होते: चपटे, ठिसूळ, नाल नीट न धरणारे. नालबंद वैतागत. मऊ मातीत ते खपून गेलं, शहरातल्या दगडी रस्त्यांवर खपेना. मग परगण्यातल्या प्रदर्शनांत नुसत्या पायांसाठी वेगळी बक्षिसं ठेवली गेली. मानेची कमान, अंगाची चमक, सगळं बाजूला, खूर दाखवा. काही पिढ्यांत खूर सुधारले. शेतकऱ्यांच्या संघटित हट्टानं एखादी गोष्ट इतक्या मुद्देसूदपणे दुरुस्त झाल्याची उदाहरणं फार नसावीत.

१९१४ चा ऑगस्ट झटकन ओलांडा. कापणी चाललीय, पुढच्या घोड्याचा लगाम धरलेला पोरगा गाडी हलायच्या आधी वर पेंढ्या रचणाऱ्याला 'धरून बसा' अशी आरोळी देतो. बांधावर लष्कराचे लोक यादी घेऊन उभे आहेत. चांगले घोडे तोफा ओढायला जातात. १९१७ मध्ये अमेरिकेहून फोर्डसन ट्रॅक्टर उतरू लागतात, कारण अन्न पिकवायचंय आणि घोडे आघाडीवर आहेत. पहिले ट्रॅक्टर चिकणमातीत रुतून बसतात आणि घोडेवाले पोट धरून हसतात. त्यांना हसू द्या. दुसऱ्या महायुद्धानं त्यांचं हसू पुसलं. सरकारला जास्त धान्य हवं होतं, ट्रॅक्टरला पहाटे चारला उठून चंदी लागत नव्हती, आणि घोडा सुट्टीच्या दिवशीही खात होता. हिशेब घोड्याच्या विरुद्ध होता आणि हिशेब खरा होता. खाटकाकडे गेलेले घोडे धडधाकट होते.

१९५० च्या दशकात ब्लॅक्सॉल गावात एका स्वयंपाकघरात टेकून घ्या. जॉर्ज यूअर्ट इव्हान्स हा वेल्समधून आलेला लेखक म्हाताऱ्या घोडेवाल्यांसमोर वही घेऊन बसलाय. त्याची बायको गावात शिक्षिका आहे, म्हणून तो इथं. म्हातारे आता सांगताहेत: हाड, तेलं, पुड्या, चौकट. जन्मभर बायकोलाही न सांगितलेलं सांगताहेत, कारण ज्याच्यापासून लपवायचं तो धंदाच राहिला नाही. १९६० मध्ये त्याचं 'द हॉर्स इन द फरो' हे पुस्तक येतं. १९६६ मध्ये अख्ख्या जातीत नोंदलेली शिंगरं किती? नऊ.

त्या नवाच्या आकड्यावरून जात परत फिरली, ती थोड्या हट्टी लोकांमुळे आणि एका अनपेक्षित जागेमुळे. समुद्राकाठचं हॉलेस्ली बे. १८८७ मध्ये इथं वसाहतींत शेती करायला जाणाऱ्या तरुणांसाठी कॉलेज निघालं, मग लंडनच्या बेकारांसाठी श्रमवसाहत झाली, १९३८ पासून बाल-गुन्हेगारांचं बोर्स्टल आणि पुढे तुरुंग. प्रत्येक मालकाबरोबर सफोक घोड्यांची पैदास मात्र चालू राहिली. आयरिश लेखक ब्रेंडन बेहान पोरवयात याच बोर्स्टलमध्ये होता. शहरातल्या टग्या पोरांच्या हाती टनाचा घोडा द्यायचा, ही कल्पना कुणाला सुचली माहीत नाही, पण ती चालली; आरडाओरडा करून बॉक्सरच्या जातीकडून काही करून घेता येत नाही, हे पोरांना पहिल्या दिवशी कळायचं. २००६ मध्ये ही पागा तुरुंगाकडून सफोक पंच ट्रस्टकडे गेली. दरम्यान काही सफोक पाकिस्तानातही पोचले होते, लष्करासाठी खेचरं आणि घोडे पैदा करायला. चिखलासाठी घडलेलं शरीर तिथं काय करत असेल, असा प्रश्न पडतो खरा. पण खेचराच्या आईत रुंद हाड आणि शांत डोकं लागतं, आणि ते दोन्ही सफोक घोडीकडे होतं.

शेवटचा टप्पा आजचा. इंग्लंडमधलं एक रान, पाऊस नुकताच थांबलाय. विरळणीचं काम चाललंय. ट्रॅक्टर आणला तर चाकांखाली ओली जमीन दाबली जाते, मुळं चिरडतात, चाकोऱ्या वर्षानुवर्षं बुजत नाहीत. म्हणून एक तांबडी घोडी दोन झाडांमधून, ट्रॅक्टर शिरणारच नाही अशा फटीतून, ओंडका ओढत येतेय. नळ्या साफ, खांदे खाली, पिंपासारखा घेर. ब्रिटनच्या दुर्मीळ पाळीव जातींच्या यादीत तिची जात अजून धोक्याच्या रकान्यातच आहे, आणि एखाद्या शिंगराच्या जन्माची बातमी होते. त्यातून ते मादी असेल तर जास्तच मोठी.

तिच्यामागची बाई तुमच्या जवळ येते, लगाम तुमच्या हातात देते. पाचर गाडीत राहिलीय, ती आणायला तिला जायचंय.

"धरून उभे राहा, ती कुठं जाणार नाही," ती म्हणते. "पण जरा मागे सरका. तिनं पायावर पाय दिला, तर उचलायचं तिच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ जातो."